मुलांचे डोळे, दिवसाचा उजेड आणि आपला निधी

(न्यासाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सभेतील माझे काम दरवर्षी ठरलेले असते. जमा-खर्चाचे पत्रक वाचायचे, लेखापरीक्षकांचा अहवाल सभेपुढे ठेवायचा आणि देणगीदारांचे ऋण व्यक्त करायचे. या वर्षी अध्यक्ष महोदयांनी त्यात एक भर घातली आहे. विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाचा जो ठराव आहे, त्यावर मतदान होण्यापूर्वी सभेला त्याची पार्श्वभूमी सांगावी, अशी त्यांची सूचना आहे. शालेय नेत्रतपासणी निधीत यापुढे येणाऱ्या देणग्यांपैकी दहावा हिस्सा शाळांची मैदाने वापरण्याजोगी करण्यासाठी आणि तेथे सावलीची झाडे वाढवण्यासाठी खर्च करावा, असा तो ठराव आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. वैद्यकाचे शिक्षण मी घेतलेले नाही. त्यामुळे शास्त्राचा जो भाग आज सांगणार आहे, तो आपल्या नेत्रविभागातील डॉक्टरांकडून समजून घेतलेला आणि त्यांच्याकडून तपासून घेतलेला आहे. हिशेबाचा भाग तेवढा माझा.

ठराव प्रसृत झाल्यावर काही विश्वस्तांनी आणि देणगीदारांनी एक आक्षेप नोंदवला. रुग्णालयाने रोग्यांवर उपचार करावेत, गरजू मुलांना चष्मे द्यावेत. मैदान सपाट करणे आणि झाडे लावणे हे शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे काम आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. हा आक्षेप गंभीर आहे. लोकांनी विश्वासाने दिलेला पैसा मूळ हेतूपासून दूर जाऊ नये, ही चिंता त्यामागे आहे आणि ती मलाही आहे. म्हणूनच या आक्षेपाचे उत्तर सविस्तर द्यावे असे मला वाटते.

लघुदृष्टी म्हणजे काय

शाळांतील तपासणीत ज्या मुलांना फळ्यावरचे दिसत नाही, त्यांच्यापैकी पुष्कळांना लघुदृष्टी असते. बोलीत आपण ‘मायनस नंबर’ म्हणतो. जवळचे स्वच्छ दिसते आणि लांबचे पुसट दिसते. नवजात बालकाचा नेत्रगोल पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो. मोठ्या माणसाचा सुमारे २४ मिलिमीटर असतो. ही वाढ होत असताना बाहेरच्या वस्तूची प्रतिमा नेमकी दृष्टिपटलावर पडावी, यासाठी डोळा आपली लांबी आपणच सांभाळत असतो. काही मुलांत हे नियमन बिघडते आणि नेत्रगोल गरजेपेक्षा लांब होतो. मग दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे तयार होते. एक मिलिमीटर लांबी जादा झाली, तर साधारण अडीच ते तीन नंबरचा चष्मा लागतो.

चष्म्याचे अंतर्गोल भिंग ही प्रतिमा मागे ढकलते आणि मुलाला स्पष्ट दिसू लागते. परंतु नेत्रगोलाची वाढलेली लांबी त्यामुळे कमी होत नाही. वाढलेली उंची जशी पुन्हा घटत नाही, तसाच हा प्रकार आहे. आपल्या अहवालात चष्म्याचे वाटप ‘उपचार’ या शीर्षकाखाली दाखवले जाते आणि ते योग्यच आहे; पण ज्या कारणाने चष्मा लागला, ते कारण त्याने दूर होत नाही.

हा प्रश्न केवळ सोयीचा असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. नंबर उणे सहाच्या पलीकडे गेला की ताणलेले दृष्टिपटल पातळ होऊ लागते. पुढील आयुष्यात ते सुटण्याचा, त्याच्या मध्यभागाची झीज होण्याचा आणि काचबिंदूचा धोका वाढतो. पन्नाशीत आलेले हे अंधत्व चष्म्याने भरून निघत नाही. नंबर एका अंकाने जरी कमी राहिला, तरी दृष्टिपटलाच्या मध्यभागाची ही झीज होण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी घटते, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसून आले आहे.

नंबर किती वाढणार, हे बरेचसे तो कोणत्या वयात लागला यावर ठरते. सातव्या वर्षी लघुदृष्टी सुरू झालेल्या मुलापुढे वाढीची सात-आठ वर्षे शिल्लक असतात; बाराव्या वर्षी सुरू झालेल्यापुढे त्याहून पुष्कळ कमी. मुद्दल सारखेच असले, तरी मुदत मोठी असेल तर व्याज वाढते, हे या सभेतील व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको. म्हणून नंबर लागणे दोन-तीन वर्षे लांबवता आले, तरी तो मोठा लाभ आहे.

दोष वाचनाचा की वंशाचा

अभ्यासाने डोळे बिघडतात ही समजूत जुनी आहे, आणि तिला शास्त्रीय आधार शोधण्याचे प्रयत्नही जुने आहेत. जर्मनीतील ब्रेस्लाउ शहरातील नेत्रवैद्य हेर्मान कोन यांनी १८६७ साली १०,०६० शाळकरी मुलांच्या डोळ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. हे शहर आज पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. खेड्यातील शाळांत लघुदृष्टीचे प्रमाण १.४ टक्के होते, तर उच्च शिक्षणाची तयारी करून घेणाऱ्या शहरी शाळांत ते २६.२ टक्क्यांपर्यंत गेले होते. वर्गातील अपुरा उजेड आणि चुकीच्या मापाची बाके यांवर त्यांनी बोट ठेवले.

पुढे विसाव्या शतकात लघुदृष्टी मुख्यतः आनुवंशिक आहे, असे मत प्रबळ झाले. आई-वडिलांना चष्मा असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता अधिक असते, हे खरेच आहे. मात्र केवळ वंश हे कारण पुरत नाही. अलास्काच्या उत्तर टोकाकडील इन्युइट लोकांची पाहणी १९६९ साली प्रसिद्ध झाली. दूरच्या एकाकी वस्त्यांत वाढलेल्या जुन्या पिढीत लघुदृष्टी जवळजवळ नव्हती. शाळेत गेलेल्या त्यांच्या मुला-नातवंडांत मात्र ती निम्म्याहून अधिक जणांना होती. एक-दोन पिढ्यांत वंश बदलत नाही, राहणी बदलते. दक्षिण कोरियातील सोल शहरात २०१० साली सैन्यभरतीसाठी तपासलेल्या १९ वर्षांच्या तरुणांत ९६.५ टक्के तरुणांना लघुदृष्टी आढळली. इतके मोठे प्रमाण आनुवंशिकतेने येत नाही.

रात्रीच्या दिव्याची गोष्ट

उजेडाविषयी पालक आम्हाला नेहमी एक प्रश्न विचारतात: तान्ह्या मुलाच्या खोलीत रात्री दिवा ठेवावा की नाही? या शंकेचा उगम १९९९ सालच्या एका लेखात आहे. अमेरिकेतील ४७९ मुलांच्या पाहणीवरून तो ‘नेचर’ या ख्यातनाम नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. वयाच्या पहिल्या दोन वर्षांत अंधारात झोपलेल्या मुलांपैकी १० टक्के, बारीक दिव्यात झोपलेल्यांपैकी ३४ टक्के आणि खोलीचा मोठा दिवा चालू असताना झोपलेल्यांपैकी ५५ टक्के मुलांना पुढे लघुदृष्टी आढळली. जगभरच्या आई-वडिलांनी त्या रात्री दिवे मालवले असतील.

पुढच्याच वर्षी, २००० साली, दोन स्वतंत्र गटांनी त्याच नियतकालिकात आपले निष्कर्ष दिले. त्यांना असा संबंध आढळला नाही. उलट असे दिसले की, ज्या आई-वडिलांना स्वतःला लघुदृष्टी आहे, तेच मुलांच्या खोलीत दिवा अधिक ठेवतात. म्हणजे मुलांना नंबर लागण्याचे कारण दिव्यापेक्षा आई-वडिलांकडून आलेल्या वारशात असणे अधिक संभवनीय होते. दोन आकडे एकाच वेळी वाढले, म्हणून एकामुळे दुसरा वाढला असे होत नाही, हे हिशेबनिसाने विसरता कामा नये. मैदानासाठी पैसा मागताना माझ्यावरही हाच नियम लागू आहे. म्हणून ठरावाचा आधार केवळ योगायोगाने जुळलेले आकडे आहेत की त्याहून भक्कम काही आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

मैदानाचा पुरावा

२००८ साली सिडनी आणि सिंगापूर येथील सहा-सात वर्षांच्या चिनी वंशाच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. वंश एकच. आई-वडिलांपैकी निदान एकाला लघुदृष्टी असण्याचे प्रमाणही जवळपास सारखे. सिंगापूरच्या मुलांत लघुदृष्टी २९.१ टक्के होती आणि सिडनीच्या मुलांत ३.३ टक्के. वाचनात सिडनीची मुले मागे असतील असे कोणालाही वाटेल, पण ती दर आठवड्याला उलट अधिक पुस्तके वाचत होती. मोठा फरक दिसला तो घराबाहेरच्या वेळात. सिडनीची मुले आठवड्याला सरासरी १३.७५ तास बाहेर असत, सिंगापूरची ३.०५ तास.

हीसुद्धा तुलनाच होती, म्हणून पुढचे पाऊल प्रत्यक्ष प्रयोगाचे होते. दक्षिण चीनमधील ग्वांगजौ शहरात १२ प्राथमिक शाळा निवडल्या गेल्या. चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने त्यांपैकी सहा शाळांत रोज ४० मिनिटांची जादा मैदानी तासिका सुरू करण्यात आली. सहा शाळा पूर्वीप्रमाणेच चालल्या. २०१५ साली तीन वर्षांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी झाली होती, तर मैदानी तासिका असलेल्या शाळांत ३०.४ टक्के. शंभर मुलांमागे नऊ मुले वाचली, तीही केवळ ४० मिनिटांच्या खेळाने.

तैवानमधील अनुभव याहून व्यापक आहे. काओशुंग भागातील एका शाळेत मधल्या सुट्टीत वर्ग रिकामे करून सर्व मुलांना बाहेर पाठवण्याचा प्रयोग झाला. एका वर्षात तेथे ८.४१ टक्के मुलांना नव्याने लघुदृष्टी झाली. तुलनेसाठी घेतलेल्या शाळेत १७.६५ टक्के मुलांना झाली. तैवानच्या शासनाने २०१० पासून मुलांनी रोज १२० मिनिटे बाहेर असावे, असा कार्यक्रम देशभर हाती घेतला. तेथील प्राथमिक शाळांत दृष्टी अधू असलेल्या मुलांचे प्रमाण २००१ साली ३४.८ टक्के होते आणि ते वाढत २०११ साली ५० टक्क्यांवर पोहोचले होते. त्यानंतर वर्षानुवर्षांची ही चढण प्रथमच थांबली आणि २०१५ पर्यंत प्रमाण ४६.१ टक्क्यांवर उतरले.

हे कसे घडते

उजेड मोजण्याचे परिमाण लक्स हे आहे. ट्यूबलाइट लावलेल्या सर्वसाधारण वर्गात शंभर ते पाचशे लक्स उजेड असतो. बाहेर दुपारच्या उन्हात तो एक लाखापर्यंत जातो. झाडाच्या सावलीत किंवा ढगाळ दिवशीही तो बहुधा काही हजार लक्स असतो. आपले डोळे उजेडाशी जुळवून घेतात, त्यामुळे हा फरक आपल्याला जाणवत नाही. घरातला लख्ख उजेड हा दिवसाच्या मानाने काळोखच असतो.

प्रखर उजेड दृष्टिपटलावर पडला की तेथे डोपामिन नावाचे द्रव्य अधिक प्रमाणात स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या लांब होण्याला आळा घालते, असे आज बहुसंख्य संशोधक मानतात. जर्मनीतील संशोधकांनी २००९ साली कोंबडीच्या पिलांवर प्रयोग केले. नेहमीच्या उजेडात वाढलेल्या पिलांपेक्षा १५,००० लक्स उजेडात ठेवलेल्या पिलांच्या डोळ्यांत कृत्रिमरीत्या निर्माण केलेली लघुदृष्टी बरीच कमी राहिली. डोपामिनचे कार्य रोखणारे औषध दिल्यावर हा लाभ नाहीसा झाला. पुढे माकडांवरील प्रयोगांतही प्रखर उजेडाचा असाच परिणाम दिसून आला.

मग वर्गातच दिवे वाढवले तर चालणार नाही का, असा प्रश्न एका देणगीदारांनी विचारला होता. तो योग्य आहे. ईशान्य चीनमधील काही शाळांत बाकांवरचा उजेड सुमारे १०० लक्सवरून ५०० लक्सच्या वर नेण्यात आला. एका वर्षात तेथे नव्या लघुदृष्टीचे प्रमाण ४ टक्के राहिले. जुन्याच दिव्यांच्या शाळांत ते १० टक्के होते. म्हणजे वर्गातील चांगला उजेडही उपयोगी आहे, आणि ज्यांना दिव्यांसाठी देणगी द्यायची आहे त्यांनी ती अवश्य द्यावी. परंतु ५०० लक्ससाठी वीजबिल येते आणि दिवे बदलावे लागतात. वर्गाच्या दाराबाहेर कडुनिंबाखाली त्याच्या कितीतरी पट उजेड रोज सकाळी फुकट पडलेला असतो. तैवानमध्ये मुलांच्या अंगावर उजेड मोजण्याचे यंत्र लावून केलेल्या २०१८ च्या अभ्यासात असे आढळले की, १,००० लक्सहून अधिक उजेडात आठवड्याला २०० मिनिटे गेली तरी लाभ होतो. त्यासाठी रणरणत्या उन्हाची गरज नाही, सावली पुरते.

आपल्याकडील चित्र

सूर्यप्रकाशाला तोटा नसलेल्या आपल्या देशात हा प्रश्न येणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. नवी दिल्लीतील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लघुदृष्टीचे प्रमाण ७.४ टक्के होते. तेथेच ९,८८४ शाळकरी मुलांच्या २०१५ सालच्या पाहणीत ते १३.१ टक्के आढळले. दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि मुलांची निवड एकसारखी नसल्याने काटेकोर तुलना करता येत नाही. तरीही हे आकडे नजरेआड करण्याजोगे नाहीत. दुसऱ्या पाहणीत सरकारी शाळांपेक्षा खाजगी शाळांत आणि मुलग्यांपेक्षा मुलींत प्रमाण अधिक होते. रोज दोन तासांहून अधिक वेळ बाहेर खेळणाऱ्या मुलांत ते कमी होते. पुणे परिसरातील मुलांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रमाण याहून बरेच कमी होते. पण शहरी मुलांतील लघुदृष्टी ग्रामीण मुलांच्या दुपटीहून अधिक होती.

करोनाच्या साथीने तर नको असलेला प्रयोगच करून दाखवला. चीनमधील फेइचंग शहरात २०१५ ते २०१९ या काळात सहा वर्षांच्या मुलांतील लघुदृष्टी कधीही ५.७ टक्क्यांच्या वर गेली नव्हती. महिनोन्‌महिने घरात कोंडून राहिल्यावर २०२० मध्ये ती २१.५ टक्के आढळली. आपल्याही मुलांनी तो काळ चार भिंतींत आणि मोबाइलच्या पडद्यापुढे काढला आहे.

आपल्या परिसरात शाळेचे वेळापत्रक पाहिले तर शारीरिक शिक्षणाची तासिका कागदावर असते. परीक्षा जवळ आली की ती गणिताला दिली जाते. शाळेनंतर शिकवणी, शिकवणीनंतर गृहपाठ. पूर्वी लगोरी, लंगडी, खो-खो यांत संध्याकाळ जात असे. त्या जागी आता मोटारसायकली उभ्या राहतात. मुलींची स्थिती अधिक कठीण आहे. दहा-अकरा वर्षांची झाली की तिला अंगणातून घरात बोलावले जाते. पुढे चष्मा लागला तर लग्नाच्या काळजीने तो लपवला जातो. प्रथम उजेड काढून घ्यायचा आणि मग चष्माही काढून घ्यायचा, असा दुहेरी अन्याय तिच्यावर होतो.

शाळेला मैदान असावे, असे शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीतच नमूद आहे. आपल्या शिबिरांसाठी मी स्वतः अनेक शाळांत जातो. बहुतेक ठिकाणी जागा आहे. पण कुठे दगडगोटे आहेत, कुठे पावसाळ्यात तळे साचते, कुठे कुंपण नसल्याने गुरे बसतात, आणि बहुतेक ठिकाणी सावलीचे एकही झाड नाही. एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर त्या मैदानावर कोणते शिक्षक मुलांना नेतील?

पालकांसाठी चार गोष्टी

रुग्णांचे नातेवाईक येथे मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी आवर्जून सांगितलेल्या गोष्टी अशा:

पहिली. मैदानी वेळेचा खरा लाभ नंबर लागण्यापूर्वी होतो. नंबर लागलेल्या मुलाचा चष्मा खेळाने सुटत नाही. त्याने चष्मा नियमित वापरावा. चष्मा सतत लावल्याने नंबर वाढतो ही समजूत चुकीची आहे. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट अधिक वाढला, असे मलेशियातील २००२ सालच्या अभ्यासात आढळले होते. नंबर वाढण्याचा वेग कमी करणारी औषधे व भिंगे आता उपलब्ध आहेत. त्यांचा निर्णय नेत्रतज्ज्ञांवर सोपवावा.

दुसरी. मुलांनी रोज एकूण दोन तास तरी दिवसाच्या उजेडात असावे. ते सलग असण्याची गरज नाही. शाळेत चालत जाणे, मधली सुट्टी, संध्याकाळचा खेळ, ओट्यावर बसून आजीशी गप्पा, सारे त्यात धरावे. टोपी घातली तरी चालते. उन्हाळ्यात सकाळी व संध्याकाळी बाहेर जावे. सूर्याकडे थेट कधीही पाहू नये. त्याने दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

तिसरी. अभ्यासाची जागा खिडकीजवळ असावी. पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतराहून जवळ धरू नये. अर्ध्या तासाने उठून दूर पाहावे. अंधाऱ्या खोलीत पांघरुणाखाली मोबाइल पाहणे बंद करावे.

चौथी. मूल फार जवळून दूरदर्शन पाहते, डोळे बारीक करते, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते, असे दिसले तर तपासणी करून घ्यावी. तिरळेपणा, एका डोळ्याने कमी दिसणे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाचे विकार आणि अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारे रातांधळेपण यांवर मैदान हा उपाय नव्हे. तेथे वेळेवर उपचारच हवेत.

ठरावाविषयी

आता पुन्हा आक्षेपाकडे येतो. आपल्या न्यासपत्रात उद्दिष्टांच्या पहिल्याच कलमात ‘रोगनिवारण व रोगप्रतिबंध’ असे दोन शब्द शेजारी आहेत. नेत्रविभागाच्या आजवरच्या खर्चात पहिल्या शब्दासाठी पुष्कळ आणि दुसऱ्यासाठी अगदी थोडी रक्कम आहे. पोलिओची लस पाजताना हे काम रुग्णालयाचे की पंचायतीचे, असे आपण विचारले नव्हते. मैदानी वेळ ही लघुदृष्टीपुरती लसच आहे. ती पूर्ण संरक्षण देत नाही, पण आज इतक्या स्वस्तात मिळणारा दुसरा प्रतिबंध माझ्या माहितीत नाही.

देणगीदारांची चिंता लक्षात घेऊन ठरावात पुढील बंधने घातली आहेत. ज्यांनी केवळ चष्म्यांसाठी म्हणून देणगी दिली आहे किंवा यापुढे देतील, त्यांची पूर्ण रक्कम त्याच कामी खर्च होईल. चष्मेवाटपाची चालू वर्षाची तरतूद कमी होणार नाही. मैदानासाठी साहाय्य घेणाऱ्या शाळेने आठवड्यातील शारीरिक शिक्षणाच्या तासिका आणि रोजची मधली सुट्टी मुला-मुलींनी मैदानावरच घालवावी, असे लेखी मान्य करायचे आहे. लेखी मान्यता नसेल तर पैसा मिळणार नाही. खर्च मुरूम टाकून सपाटीकरण, पाण्याचा निचरा, कुंपण, पिण्याचे पाणी आणि करंज, कडुनिंब, चिंच अशा झाडांची लागवड व पाच वर्षांची निगा एवढ्याच बाबींवर होईल. नेत्रतपासणीच्या नोंदवहीत मूल रोज किती वेळ बाहेर असते आणि आई-वडिलांना चष्मा आहे का, हे दोन नवे रकाने येतील. तीन वर्षांनी हे आकडे जसे असतील तसे याच सभेपुढे ठेवले जातील. मैदाने रिकामीच राहिली असे दिसले, तर हा खर्च थांबवावा असा प्रस्ताव मी स्वतः मांडीन.

एका अडचणीची मला पूर्ण जाणीव आहे. चष्मा मिळालेल्या मुलाचे हसरे छायाचित्र आपण दरवर्षी अहवालात छापतो आणि देणगीदारांना आपल्या दानाचे फळ डोळ्यांनी दिसते. ज्या मुलाला चष्मा लागलाच नाही, त्याचे छायाचित्र कोणत्या पानावर छापणार? न झालेला आजार आणि न करावा लागलेला खर्च कोणत्याही खतावणीत लिहिला जात नाही. तरीही तो लाभ खरा असतो. त्या मुलाला आपल्या न्यासाचे नावही ठाऊक नसेल. पन्नासाव्या वर्षी त्याचे दृष्टिपटल शाबूत असेल, तो आपल्या नातवंडाचा चेहरा पाहत असेल, आणि यामागे कोणाची देणगी होती हे त्याला कळणार नाही. गुप्तदानाची परंपरा मानणाऱ्या आपल्या समाजाला हे अवघड वाटू नये.

जगातील लघुदृष्टीचे प्रमाण २००० साली २२.९ टक्के होते आणि २०५० पर्यंत ते निम्म्या लोकसंख्येवर जाईल, असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे. त्या वर्षी प्रौढ झालेली माणसे आज आपल्या गावच्या शाळांत पहिली-दुसरीत बसलेली आहेत. त्यांच्यापैकी कितींच्या वाट्याला जाड भिंगे येतील, हे सर्वस्वी आपल्या हाती नाही. पण मधल्या सुट्टीत त्यांच्या वर्गाचे दार उघडे राहील आणि बाहेर बसण्याजोगी सावली असेल, एवढे आपण या ठरावाने करू शकतो.

नेत्रविभागातील सर्व डॉक्टर, परिचारिका व तंत्रज्ञ, शिबिरांसाठी सुट्टीच्या दिवशीही वर्ग उघडून देणारे शिक्षक, आणि लहान-मोठ्या देणग्यांनी हा निधी उभा करणारे आपण सर्व यांचा मी अत्यंत ऋणी आहे. सातवा ठराव सभेने विचारपूर्वक संमत करावा, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.